'पहिला' कोण, आणि होडी कुणाची?

दिलीप दोंदे यांचं 'द फर्स्ट इंडियन' मी चांगी बिझनेस पार्कात, जेवणाच्या सुट्टीत, डबा खाता खाता वाचलं. संध्याकाळी बसने ईस्ट कोस्टला गेलं की समुद्रात नांगरलेल्या जहाजांची रांग दिसते. शिडाच्या बोटीचं पुस्तक वाचायला जागा तशी वाईट नाही.

नौदलाचे कमांडर दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून 'म्हादेई' या ५६ फुटी बोटीतून एकटेच निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन असे चार थांबे घेत मे २०१० मध्ये परतले. एकट्याने, शिडावर पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. शीर्षकही तेच सांगतं. माझी तक्रार त्या शीर्षकाशीच आहे.

कारण पुस्तकाचा जो भाग मी दोनदा वाचला, त्यात दोंदे एकटे नाहीतच. निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटींच्या डोक्यातली कल्पना, तिच्यामागे फिरणाऱ्या फायली, आणि मग गोव्यातलं दिवाडी बेट. तिथल्या रत्नाकर दांडेकरांनी अशी बोट आधी कधी बांधली नव्हती. दोंदे पेशाने नौदलातले डायव्हर, त्यांनाही एकट्याने महासागर ओलांडण्याचा अनुभव नव्हता. आराखडा डच. दोघे नवशिके एकमेकांच्या भरवशावर कामाला लागतात, ही खरी गोष्ट. मांडवीला वरच्या अंगाला म्हादई म्हणतात. बोटीचं नाव त्यावरूनच. सरकारी कामकाजावर लिहिताना दोंदे मिश्कील होतात, चिडत मात्र नाहीत. ज्याने कधी अनुदानाचा अर्ज भरलाय, त्याला ही पानं तोंडपाठ होतील.

या गोष्टीला एक जुनी बाजूही आहे. १९६८-६९ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने जगाला पहिली फेरी मारणाऱ्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 'सुहेली' ही ३२ फुटी सागवानी बोट मुंबईत बांधलेली होती. वाकस आणि हाताने चालवायचा सामता, अशा हत्यारांवर. फेरी इंग्रजाच्या नावावर लागली. विक्रमाच्या वहीत होडी कुणी बांधली याचा रकानाच नसतो. दोंदे दांडेकरांना पानंच्या पानं देतात, ही त्यांची सचोटी. मुखपृष्ठाने मात्र तो रकाना पुन्हा गाळला.

प्रत्यक्ष समुद्रावरचा भाग मला त्यामानाने विरळ वाटला. वारा, दुरुस्ती, पुढचा टप्पा. आणि किनारा तर नाहीच. माझं आजोळ देवगडचं; विजयदुर्ग आम्ही कायम जमिनीवरूनच पाहिला, पाण्यावरून तो कसा दिसतो हे घरात कुणाला सांगता येत नाही. आयर्लंडच्या किनाऱ्याने छोट्या बोटीतून फिरणाऱ्यांनी खाडी-खाडीवर लिहून ठेवलंय. आपल्याकडे कोकणावरची पुस्तकं ढीगभर, पण ती एसटीतून नाहीतर गाडीतून पाहिलेली. मुंबईहून गोव्यापर्यंत, रोज एका खाडीत मुक्काम करत कुणी शिडाच्या होडीने यावं आणि मराठीत लिहावं, एवढीच माझी भूक. दोंदेंनी ती भागवावी असा हट्ट अन्याय्य आहे, हे मान्य. त्यांना दक्षिण महासागर गाठायचा होता.

माझ्या प्रबंधावरही एकच नाव आहे. प्रयोगशाळेत यंत्रं चालती ठेवणारे दोघे ऋणनिर्देशात, सातव्या ओळीत. दिवाडीची पानं वाचून झाल्यावर मी ती ओळ उघडून पाहिली. एकाच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं.

दांडेकरांनी पुढे 'तारिणी'ही बांधली. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातूनच जग फिरून आल्या.