इन्सिया गाते, पण बोलते कधी?

२०१७ च्या दिवाळीत ‘सीक्रेट सुपरस्टार’ लागला, तेव्हा आमच्या बडोद्यात तो पाहायला जायचं एक साधं कारण होतं. गोष्ट बडोद्याची. दांडिया बाजारातल्या बायकांना वाटलं, आपल्या गल्ल्या पडद्यावर दिसतील. गल्ल्या फारशा लक्षात राहत नाहीत. लक्षात राहतं ते एक घर, आणि त्या घरातली पंधरा वर्षांची इन्सिया मलिक. अद्वैत चंदन यांच्या या चित्रपटाविषयी ‘एका दबलेल्या मुलीला आवाज सापडतो’ असं सगळे म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. इन्सियाला आवाज पहिल्यापासून आहे. सुरुवातीलाच सहलीहून परतताना रेल्वेच्या डब्यात ती गिटार घेऊन मजेत गाते. स्टेशनवर अम्मी न्यायला येते, तिच्या डोळ्यांवर गॉगल. गॉगलमागे काय आहे ते मुलीला लगेच कळतं. घरी अब्बू आले की सगळा आवाज बंद. म्हणजे आवाज आहे की नाही हा प्रश्नच नाही. तो कुणासमोर काढायचा, एवढाच प्रश्न आहे.

या वयाच्या मुलींना दोन गोष्टी एकाच वेळी हव्या असतात. सगळ्यांनी आपल्याला ऐकावं, पण कुणी बघू नये. इन्सिया नकाब घालून यूट्यूबवर गाणं टाकते, त्यामागे बापाची भीती आहे हे खरंच. पण झायरा वसीम त्या प्रसंगात जे डोळे दाखवते त्यात भीतीबरोबर एक सुटकाही आहे. चेहरा नाही, म्हणजे मुरुम नाहीत, दात नाहीत, ‘कशी दिसते’ हा प्रश्न नाही. उरतो तो गळा. पडद्याआडून धीर येतो ही गोष्ट चित्रपटाने फार नेमकी पकडली आहे. (आणि पडद्याआड आणखी एक पडदा आहे. तो गळा झायराचा नाहीच, मेघना मिश्राचा आहे.)

मला सगळ्यात खरं वाटलं ते मात्र वेगळंच. इन्सियाचं तोंड पहिल्यांदा सुटतं ते अम्मीवर. बाप गिटारच्या तारा तोडतो तेव्हा ती गप्प. तोच बाप तिला स्वतःच्या हाताने लॅपटॉप खिडकीतून खाली टाकायला लावतो, तेव्हाही गप्प. तो लॅपटॉप अम्मीने गळ्यातला हार विकून आणलेला. आणि तरी तू घटस्फोट का घेत नाहीस, हे असं किती दिवस सहन करणार, हा मारा होतो तो अम्मीवरच. शाळेत चिंतन बिचारा मागे मागे फिरतो, त्याच्यावर खेकसते. जो उलटून मारणार नाही त्याच्यावर धीर आधी आजमावायचा! आयांनो, हे आपल्याला नवीन आहे का? बाबांसमोर मान खाली घालणारी मुलगी स्वयंपाकघरात आल्यावर आपल्याला काय काय ऐकवते! चित्रपट त्यासाठी इन्सियाला दोषी ठरवत नाही आणि तिची बाजूही घेत नाही. पुढे बडी आपा सांगते, की मुलगी नको म्हणून तुला पोटातच संपवायचं ठरलं होतं, तेव्हा ही नजमा घर सोडून निघून गेली आणि तुला जन्म देऊन परतली. तिथे इन्सियाबरोबर आपणही खजील होतो. जिला आपण बावळट समजत होतो तिने सगळ्यात मोठा ‘नाही’ आधीच म्हटलेला असतो, आणि तोही अवाक्षर न काढता.

आता खटकलेलं. फारुख हा बाप इतका राक्षस करून ठेवला आहे की बाकीचे बाप आरामात सुटतात. आमच्या शेजारच्या एक वहिनी बाहेर पडताना म्हणाल्या, ‘आपल्याकडे नाही हो असं.’ हात उचलत नाहीत, खरंय. पण ‘हळू बोल’, ‘पाहुणे बसलेत’, ‘मुलीच्या जातीला एवढा आवाज शोभत नाही’ हे कुणाकडे नाही? आमच्या पाठशाळेत चौदा वर्षांची मुलगी भक्तामराचे ४८ श्लोक कुठेही न अडखळता म्हणते. कौतुक होतं, बक्षीस मिळतं. तिलाच विचारा, ‘काय गं, अकरावीला काय घेणार?’ ती आईकडे बघते. मुनींसाठी सांगितलेली भाषा समिती आमच्या घरात नेमकी मुलींच्या वाट्याला येते, आणि तीही चुकीच्या अर्थाने. विचार करून, खरं आणि हिताचं बोलावं असा तिचा अर्थ. बोलूच नये असं त्यात कुठे आहे?

दुसरं म्हणजे, इन्सियाकडे देणगी आहे. मुंबईचा शक्तिकुमार तिला विमानाचं तिकीट पाठवतो, वकीलही गाठून देतो. आमिर खान ही भूमिका इतक्या धमालीने करतो की या सोयीकडे लक्षच जात नाही. पण जिला गाता येत नाही, गणितात जेमतेम पास होते, तिचं कोण ऐकणार? स्टुडिओतला एक प्रसंग मात्र या आक्षेपाला थोडं उत्तर देतो. गाणं जमत नाही, तेव्हा ते वेगळ्या पद्धतीने गाऊन बघू, असं इन्सिया त्या बड्या संगीतकाराला सांगते. तिथे नकाब नाही, टाळ्या नाहीत. घाबरत घाबरतच, पण कामाचं बोलते. बक्षीस समारंभात नकाब काढून केलेल्या भाषणापेक्षा मला हे बोलणं मोठं वाटतं. ते भाषण आपल्याला रडवण्यासाठी आहे, आणि आपण रडतोही.

विमानतळावर सामानाचं वजन जास्त भरतं आणि फारुख गिटार टाकून द्यायला सांगतो. तेव्हा नजमा घटस्फोटाचे कागद त्याच्या हातात ठेवते. आमच्या महिला मंडळात चित्रपट दाखवला तेव्हा बायकांचे डोळे इथे भरून आले. मुलींना विचारलं तर एकीलाही ही जागा सगळ्यात आवडली नव्हती. त्यांना आवडला होता गुड्डू, इन्सियाचा धाकटा भाऊ. फुटलेल्या लॅपटॉपचे तुकडे चिकटपट्टीने जोडून तो ताईला आणून देतो. लॅपटॉप चालू होणार नसतोच. ‘पण त्याने तुकडे उचलले ना,’ एक जण म्हणाली. एरवी ती मंडळात कधी तोंड उघडत नाही.