ऑनलाइन क्लासची फी नेमकी कशाची?

आधी एक मान्य करू: चांगले धडे फुकट मिळतात. खान अकॅडमीवर शाळेचं गणित आहे, एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं. इथे यूएईतही २०१८ मध्ये ‘मदरसा’ हा अरबी मंच सुरू झाला. गणित-विज्ञानाचे ५,००० व्हिडिओ, सगळे मोफत. मग दुबई-शारजातली आपली मराठी घरं दिरहम मोजतात ते कशासाठी?

उत्तर जाहिरातींत सापडतं. मुंबईच्या व्हाइटहॅट ज्युनियरचा वुल्फ गुप्ता आठवतोय? कोडिंग शिकून गूगलमध्ये कोट्यवधींची नोकरी मिळवणारा शाळकरी मुलगा. जाहिरात बदलली की त्याचं वय बदलायचं आणि पगारही, कारण असा मुलगा मुळात नव्हताच. ऑगस्ट २०२० मध्ये बायजूजने ही कंपनी ३० कोटी डॉलरना घेतली. दोनच महिन्यांनी, एएससीआयकडे तक्रारी गेल्यावर, कंपनीने पाच जाहिराती मागे घ्यायचं कबूल केलं. कतारच्या फुटबॉल विश्वचषकाची प्रायोजक झालेली बायजूज स्वतः जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली.

पण कंपन्यांना नावं ठेवून भागत नाही. ती जाहिरात चालली, कारण तिने पालकांची भीती अचूक हेरली. इथला व्हिसा नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की घर, शाळा, शहर, सगळंच हलतं. गृहपाठाला बसवणारी आजी किंवा शेजारच्या बाई गावाकडे. अशा घरात रात्री नऊला सेल्सवाल्याचा फोन आला, की मूल मागे पडेल ही धास्ती हप्ता भरायला लावते.

आपण मोठेही वेगळे नाही. एडएक्सवरच्या हार्वर्ड-एमआयटीच्या कोर्सेसचा अभ्यास २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी जेमतेम ३ टक्के लोकांनी कोर्स पूर्ण केला. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र ४६ टक्के. म्हणजे फी भरली की माणूस टिकतो? असेलही. किंवा ज्यांना टिकायचंच असतं, तेच फी भरतात. दोन्ही शक्यतांत धडा तोच, फुकटातला.

त्यामानाने एनपीटीईएलचा व्यवहार सरळ वाटतो. शिकणं मोफत, पैसे फक्त केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. कशाची किंमत मोजतोय ते कळतं तरी.

म्हणून कार्ड काढण्याआधी समोरच्याला एकच विचारा: माझं उत्तर चुकलं, तर ते वाचून कुठे चुकलं हे मला कोण सांगणार? माणसाचं नाव आणि त्याची वेळ सांगता आली, तर खुशाल पैसे भरा. नाही आली, तर तोच धडा फुकट उघडा, आणि मुलाशेजारी अर्धा तास स्वतः बसा.