ध्वनीपलीकडचे समाधान : ब्राउन 'एस. के. ४' या रेडिओग्रामची सौंदर्यमीमांसा

श्राव्य उपकरणांची चिकित्सा सामान्यतः ध्वनीच्या निकषावर केली जाते. परंतु असे उपकरण घरात असण्याच्या समाधानात डोळ्यांचा व बोटांचाही वाटा असतो, ही गोष्ट उपकरणप्रेमी सहसा मान्य करीत नाहीत. जर्मनीतील ब्राउन कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणलेला 'एस. के. ४' हा रेडिओग्राम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

तत्पूर्वीचे बहुतेक रेडिओग्राम म्हणजे लाकडी कपाटेच होती. झाकण उघडल्याखेरीज आत यंत्र आहे याचा पत्ता लागू नये, अशी त्यांची घडण असे. हान्स गुगेलोट व डीटर राम्स यांनी हे कपाटच मोडीत काढले. पांढऱ्या पत्र्याची काया, बाजूंना लाकडी फळ्या आणि वर पारदर्शक प्लेक्सिग्लासचे झाकण, अशी नवी रचना सिद्ध झाली. लोकांनी तिला चेष्टेने 'हिमगौरीची शवपेटी' म्हटले. (गुगेलोट ज्या उल्मच्या अभिकल्प विद्यालयात शिकवीत, तेथेच शिकलेल्या सुधाकर नाडकर्णी यांचा पवईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्राच्या १९६९ मधील उभारणीत मोठा वाटा होता. तरीही मराठी समीक्षेने वापरातील वस्तूंकडे कलाकृती म्हणून क्वचितच पाहिले आहे.)

हे झाकण प्रथम पत्र्याचेच योजिले होते. आवाजाबरोबर ते थरथरू लागल्याने प्लेक्सिग्लास स्वीकारावे लागले. म्हणजे ज्या गुणामुळे ही वस्तू नजरेत भरते, त्याचे मूळ ध्वनीच्याच अडचणीत आहे. रूप हा केवळ वरचा साज असतो, हा आक्षेप येथे दुबळा ठरतो.

राम्स यांच्या भूमिकेतील विसंगती मात्र नजरेआड करता येत नाही. उपकरणाने घरात मागे राहून, नम्रपणे सेवा करावी, असा त्यांचा आग्रह होता. 'एस. के. ४' मागे राहिला नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात तो दाखल झाला आणि तेथे तो ऐकण्याची नव्हे, पाहण्याची वस्तू झाला. आजच्या संग्राहकाला याहून सरस ध्वनी देणारे यंत्र कमी पैशांत मिळू शकते. तरीही तो हाच रेडिओग्राम घेतो, यात प्रतिष्ठेचा भाग आहेच. तथापि सारे समाधान प्रतिष्ठेच्या खाती जमा करणे अन्यायाचे होईल. प्रतिष्ठेला पाहणारा लागतो. बंद खोलीत, झाकण उचलून, सुई हलकेच रेकॉर्डवर टेकवणारा श्रोता एकटाच असतो.