एर्दिगचा बग्गीखाना : वारसा, श्रम आणि स्मृती

प्रस्तावना

जमीनदारी वास्तूंच्या अभ्यासात मुख्य प्रासादाला मिळणारे महत्त्व पागा, बग्गीखाना, सुतारशाळा या पूरक इमारतींना क्वचितच लाभते. वेल्समधील रेक्सहॅम शहराजवळची एर्दिग ही जुनी जहागीर या बाबतीत लक्षणीय अपवाद ठरते. प्रस्तुत लेखात तेथील बग्गीखान्याच्या मांडणीतून श्रमिकांचा इतिहास कितपत प्रकट होतो, याची चिकित्सा केली आहे.

मांडणीचे वेगळेपण

एर्दिगच्या प्रासादाचे बांधकाम इ.स. १६८४ मध्ये सुरू झाले. पुढे ही मालमत्ता जॉन मेलर यांच्याकडे आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १७३३ मध्ये, यॉर्क घराण्याकडे आली. विसाव्या शतकात प्रासादाखालील कोळशाच्या खाणकामामुळे जमीन खचून वास्तू धोक्यात आली. घराण्याचे अखेरचे वारस फिलिप यॉर्क यांनी १९७३ मध्ये ही जहागीर नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या स्वाधीन केली. दुरुस्तीनंतर १९७७ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली.

या वेळी प्रेक्षकांचा प्रवेश प्रासादाच्या मुख्य दारातून न ठेवता सुतारशाळा, लोहारशाळा आणि पागेच्या चौकातून ठेवण्यात आला. नोकरांच्या वाटेने मालकाच्या दालनांकडे जाण्याचा हा क्रम म्हणजे केवळ सोय नव्हे. ते इतिहासाचे एक भाष्यच आहे. पागेलगतच्या बग्गीखान्यात घोडागाड्या, सायकली आणि जुन्या मोटारी आहेत. वाहतुकीच्या साधनांतील स्थित्यंतर त्यामुळे एका दृष्टिक्षेपात लक्षात येते.

मर्यादा

तथापि येथे एक मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. वाहन जतन करता येते. परंतु पहाटे घोड्यांना खरारा करणाऱ्या मोतद्दाराचे वा पावसात ताटकळणाऱ्या कोचमनचे श्रम कसे जतन करावेत? एर्दिगकडे याचे एक उत्तर आहे. मोलकरीण जेन एब्रेल, सुतार एडवर्ड प्रिन्स आदी नोकरांची व्यक्तिचित्रे येथे आहेत. १७९० च्या दशकात ती जॉन वॉल्टर्स या चित्रकाराने रंगविली आणि त्यांवरील पद्ये तत्कालीन मालक फिलिप यॉर्क (पहिले) यांनी रचली. नोकरांची अशी दखल घेणारी घराणी विरळाच. मात्र या पद्यांतील वाणी मालकाची आहे, नोकराची नाही, हे विसरता येत नाही.

मेलर यांच्या काळातील एका कृष्णवर्णीय कोचबॉयच्या चित्रावरून ही मर्यादा अधिक स्पष्ट होते. हातात शिंग घेतलेल्या या मुलावरील पद्य मेलर यांच्या मृत्यूनंतर सुमारे सहा दशकांनी लिहिले गेले. त्याच्याविषयी फारशी माहिती नसल्याचे कवी स्वतःच मान्य करतो आणि धनी व गुलाम यांच्यातील भेद या जगात फार तीव्र असल्याचेही सांगतो. पण त्याच पद्याचा सूर विनोदाचा आहे. त्यात सहानुभूती आहे, परंतु मुलाचे नाव नाही. ज्याच्या शिंगाच्या नादाने गाडीची चाहूल लागत असे, त्याचा स्वतःचा आवाज मात्र अभिलेखात उमटलेला नाही.

समारोप

मालकाच्या जिव्हाळ्यालाच नोकरांचा इतिहास मानल्यास विषमतेला घरगुती आपुलकीचे रूप येते, आणि नव्या प्रवेशमार्गाचे मोलही त्यामुळे उणावते. नॅशनल ट्रस्टने २०२० मध्ये आपल्या ९३ वास्तूंचे वसाहतवाद व गुलामगिरीशी असलेले संबंध मांडणारा अहवाल प्रसिद्ध केल्यावर हा प्रश्न अधिकच टाळता न येणारा झाला आहे. एर्दिगने प्रेक्षकाला योग्य दारातून आत आणले, हे श्रेय निर्विवाद होय. परंतु दार बदलल्याने कथनकर्ता आपोआप बदलत नाही. म्हणून अशा वास्तूंच्या अभ्यासकाने पद्य आणि चित्र यांच्याबरोबरच वेतनाच्या नोंदी, चर्चची दफनपत्रके आणि अभिलेखांतील रिकाम्या जागाही पुरावा म्हणून वाचणे अगत्याचे ठरते.