जॅक्सनवधाचे पिस्तूल : ‘विलायती’ कशावरून?

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर ज्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, ते आपले चरित्रकार ‘विलायती’ म्हणून हातावेगळे करतात. कुणी नावावरून ते अमेरिकन ठरवतो. जॉन ब्राउनिंग अमेरिकन खरा. पण ‘ब्राउनिंग’ नावाने खपणारी पिस्तुले घडत बेल्जियममध्ये, लिएजजवळच्या हर्स्ताल येथील ‘फाब्रिक नास्योनाल’ कारखान्यात. रौलट समितीचा १९१८ चा अहवाल पुढचा माग देतो : सावरकरांनी अशी वीस पिस्तुले पॅरिसहून मिळवली आणि इंडिया हाउसचा स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या पेटीच्या चोरतळातून ती मुंबईला धाडली. विलायतेत त्यांचा फक्त मुक्काम!

माझा खरा आक्षेप पुढेच आहे. परवान्याने आलेल्या बंदुकीचा माग नळीवरचा चाचणीचा शिक्का, कारखान्याचा क्रमांक आणि आयातदाराची वही यांवरून लागतो. १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे चोरून आणलेल्या मालाची जकातीत नोंद कुठून असणार? क्रमांक आपल्याला हर्स्तालपर्यंत नेईल, मुंबई बंदरापर्यंत नाही. हा समुद्रावरचा टप्पा मुख्यतः अमीनच्या जबानीवर उभा आहे, आणि अमीन होता माफीचा साक्षीदार. अशी साक्ष दुजोऱ्याविना अविश्वसनीय मानण्याची मुभा १८७२ चा पुरावा कायदाच न्यायालयाला देत होता. आमचे लेखक मात्र ‘वीस’ हा आकडा जकातीच्या पावतीवरून उतरवल्यासारखा लिहितात. अमीनचे नाव पेटीपुरते येते, साक्षीदार म्हणून येतच नाही.