उन्हाळ्यापुरते गाव

परमुलखात जाऊन परत येणारा लेखक प्रवासवर्णन लिहितो. तेथेच बिऱ्हाड करून लिहिणाऱ्याच्या लेखनाला मराठीत रुळलेले नाव नाही. सोयीसाठी मी त्याला ‘निवासवर्णन’ म्हणतो. इंग्रजीत या प्रकाराचे अमाप पीक आले ते पीटर मेल यांच्या ‘अ इयर इन प्रोव्हान्स’ या १९८९ सालच्या पुस्तकानंतर. जाहिरातीचा व्यवसाय सोडलेला एक इंग्रज गृहस्थ दक्षिण फ्रान्समधल्या ल्युबेराँ डोंगराच्या अंगाला, मेनेर्ब गावाजवळ, जुने दगडी शेतघर विकत घेतो, बायकोसह तेथे राहू लागतो आणि जानेवारी ते डिसेंबर अशी बारा प्रकरणे लिहितो. कथानक म्हणावे तर एवढेच.

पहिल्यांदा वाचले तेव्हा मी मनमुराद हसलो होतो. इतक्या वर्षांनी पुन्हा वाचले तेव्हाही हसू आले, पण ते मध्येच कुठेतरी अडले. ते का अडले, हे स्वतःशी तपासून पाहावेसे वाटले.

आधी पुस्तकाचे श्रेय पुस्तकाला द्यायला हवे. उन्हाळ्याची प्रकरणे विशेष बहारीची आहेत. हवा तापू लागली की इंग्लंडहून फोन सुरू होतात. वर्षानुवर्षे ज्यांनी विचारपूस केली नाही त्यांना एकाएकी मैत्रीची आठवण होते. कारण घर प्रोव्हान्समध्ये आहे आणि मुक्काम फुकट आहे! ऑगस्टमध्ये सारा देश सुटीवर जातो, गवंडी आणि प्लंबर गायब होतात, घराचे काम अर्धवट पडून राहते. शेजारच्या बोन्यू गावात बोकडांची शर्यत लागते. वजनदार दगडी टेबल अंगणात नेताना तर सगळ्यांची त्रेधा उडते. जेवणाची वर्णने अशी की वाचकाने उपाशीपोटी वाचू नयेत. मेल स्वतःचीही थट्टा करून घेतात, म्हणून त्यांचा राग येत नाही.

तरीही एक गोष्ट खटकते. या गावातल्या प्रत्येक माणसाला एकेकच गुण वाटून दिलेला आहे. प्लंबर मेनिकुच्ची क्लॅरिनेट वाजवतो आणि तत्त्वज्ञान सांगतो. शेजारी मासो कोल्ह्याच्या मांसाची पाककृती सांगतो आणि तंबू ठोकणाऱ्या जर्मनांवर डाफरतो. आत आले, हशा घेतला, निघून गेले. त्यांच्या घरात कर्ज आहे का, मुले गावात राहणार की शहर धरणार, हे आपल्याला फारसे कळत नाही.

एक तपशील पाहा. मेल यांच्या घराभोवतीच्या द्राक्षमळ्याची मशागत फॉस्तँ हा शेजारी करतो. व्यवहार वाट्याचा आहे: नव्या वेलांचा खर्च मालकाचा, मेहनत फॉस्तँची, उत्पन्नाचे दोन हिस्से त्याचे, एक मालकाचा. आपल्याकडच्या वाचकाला कूळ आणि मालक ही नाती सांगावी लागत नाहीत. घर विकले गेले, मालक बदलला, आता नवा काय म्हणतो, ही धास्ती त्या माणसाला असणारच. पुस्तकात ती एका नम्र चौकशीपुरती डोकावते आणि आपण पुढच्या जेवणाकडे वळतो.

भाषेचेही तसेच. मेल यांना नामांची लिंगे चुकतात, तिथल्या लोकांचे अनुनासिक उच्चार कळत नाहीत, आणि त्यातून विनोद होतो. फ्रेंचमध्ये लिंगे दोनच. आमच्याकडे तर तीन! पण द्वैभाषिक मुलखात वाढलेल्या माणसाला भाषा न कळणे एवढे गमतीचे वाटत नाही. माझे वडील कानडी नोटीस आली की शेजारच्या अण्णांकडे घेऊन जात. अण्णा चष्मा पुसून वाचत, अर्थ सांगत, वर सल्लाही देत. त्या दोन मिनिटांत वडिलांचा चेहरा कसा होई तो मला आठवतो. मेल यांची चूक झाली तर एक किस्सा मिळतो. वडिलांची झाली असती तर मुदत टळली असती.

शिवाय ते गाव मुळात एकभाषिक नव्हतेच. मेल यांच्या पुस्तकात मिस्त्राल भेटतो तो हाडे गोठवणारा वारा म्हणून. त्याच नावाचा कवी, फ्रेदेरिक मिस्त्राल, याच प्रदेशातला. प्रोव्हान्साल भाषेत लिहून त्याने १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळवले. ती भाषा मात्र शाळेबाहेर राहिली. १९५१ च्या कायद्याने ती ऐच्छिक म्हणून शिकवायला परवानगी मिळाली. १९९२ साली प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच, हे राज्यघटनेतच लिहिले गेले. आपण ज्यांच्या उच्चारांना हसतो आहोत त्या उच्चारांमागे आजीची भाषा उभी आहे, हे उन्हाळ्याच्या वर्णनात मावत नाही.

मेल यांच्या जोडीला मी मुद्दाम दुसरे पुस्तक वाचले: लॉरेन्स वायली या अमेरिकन प्राध्यापकाचे ‘व्हिलेज इन द वोक्ल्यूज’ (१९५७). वायली १९५०-५१ मध्ये बायकामुलांसह रुसियों गावी राहिले. हे गाव मेनेर्बहून मोटारीने फार दूर नाही. पुस्तकात त्यांनी त्याचे नाव बदलून ‘पेरान’ ठेवले. थोरला मुलगा गावच्या शाळेत गेला, स्वतः वायली गावचे छायाचित्रकार बनले. त्यांचे लेखन काहीसे मास्तरी आहे, हशा कमी. पण ‘ते’ या एका सर्वनामाबद्दल त्यांनी लिहिले आहे ते विसरता येत नाही. गावकऱ्यांच्या बोलण्यात कर लावणारे ‘ते’, युद्ध आणणारे ‘ते’. गावाबाहेरची सारी सत्ता त्या एका शब्दात. युद्धाच्या भीतीने तेव्हा शेतकरी फळबाग लावायला तयार नव्हते. वायली काही वर्षांनी परत गेले तेव्हा बागा लागत होत्या. परत जाऊन आपलेच लिहिणे दुरुस्त करणारा लेखक मला मोठा वाटतो.

विनोदाकडे समाजशास्त्र मागू नये, असे कोणी म्हणेल. मान्य. माझी मागणी तेवढी नाहीच. मेल यांना गाव आवडले, यात खोट नाही. फक्त पाय मोकळे ठेवून ते आवडले. पुस्तक गाजले, वाचक ते हातात घेऊन दारात येऊ लागले, तेव्हा मेल काही वर्षे अमेरिकेत जाऊन राहिले. पुढे ते त्याच प्रदेशात, लुर्मारँजवळ परतले आणि २०१८ साली वारले. शेवटी त्यांनाही तीच माती हवीशी वाटली, हे त्यांच्या बाजूने नोंदवायलाच हवे. पण गर्दीला कंटाळून अमेरिका गाठण्याची सोय फॉस्तँला नव्हती.

निवासवर्णनाची कसोटी मी आता अशी मानतो: लेखक तेथे किती दिवस राहिला यापेक्षा, तेथल्या माणसांचे जे जाऊ शकत नाही ते त्याला दिसले का? गोव्यात हंगामापुरती घरे उघडणाऱ्यांनी आणि परदेशातून दिवाळी अंकांना लेख पाठवणाऱ्या आपल्या मुलाबाळांनीही ती स्वतःला लावून पाहावी. मेल यांचे पुस्तक अवश्य वाचा, हसा. आणि हसून झाल्यावर फॉस्तँचे ते अर्धे पान पुन्हा एकदा उघडा.