रणवृत्ताची भाषा : तारापूर आणि प्रशांत महासागर

युद्धाच्या दैनंदिन वृत्तांतांकडे इतिहासाचे कच्चे साधन म्हणून पाहण्याची प्रथा आहे. तारीख, स्थळ, जहाज, विमान, हानी ही त्यांची मांडणी इतकी कोरडी असते की, तीत भाषेच्या अभ्यासकास काही गवसेल असे वाटत नाही. वस्तुतः विशेषणे गळून पडली म्हणजे साऱ्या अर्थाचा भार क्रियापदावर येतो, आणि वृत्ताचा खरेखोटेपणा तेथेच पारखावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धातील प्रशांत महासागराच्या आघाडीवरील जपानी सरकारी निवेदने या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. जून 1942 मध्ये मिडवे येथे जपानची चार विमानवाहू जहाजे बुडाली. निवेदनात एक बुडाल्याचे व एकाची मोठी हानी झाल्याचे सांगण्यात आले. हा आकड्यांचा खोटेपणा होय. फेब्रुवारी 1943 मध्ये ग्वाडलकनाल बेट सोडावे लागले, तेव्हा माघारीऐवजी ‘तेन्शिन’, म्हणजे दिशा बदलून पुढे जाणे, हा शब्द योजला गेला. पुढे मे महिन्यात अट्टू बेटावरील सैन्याच्या संहारास ‘ग्योकुसाई’, म्हणजे रत्नाचा चुरा होणे, असे म्हटले गेले. अमेरिकेनेही ऑगस्ट 1942 मध्ये साव्हो बेटापाशी बुडालेल्या आपल्या तीन क्रूझरांचे वृत्त ऑक्टोबरपर्यंत रोखून धरले. तथापि विलंब आणि विपर्यास यांतील भेद विसरता येत नाही.

या पार्श्वभूमीवर आजच्या पालघर जिल्ह्यातील तारापूरच्या लढाईविषयीचा मराठी पत्रव्यवहार वाचावा. वसईच्या मोहिमेत, जानेवारी 1739 मध्ये, चिमाजी आप्पांच्या सैन्याने माहीम-केळवे घेऊन तारापूरच्या पोर्तुगीज किल्ल्यास वेढा दिला. सुरुंगांनी तटास खिंडार पडले. हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर मारले गेले. या विजयाच्या वृत्तात शत्रूच्या शौर्याची चिमाजी आप्पांनी दिलेली कबुली इतिहासकारांनी आवर्जून नोंदली आहे. मराठी कागदांतही मृत्यूसाठी ‘कामास आले’ असा सौम्य प्रयोग रूढ आहे. परंतु तो मृत्यूस मान देतो, मृत्यू लपवीत नाही. ‘तेन्शिन’ने मात्र घटनाच उलटी केली. सौम्योक्ती आणि असत्य यांतील सीमारेषा ती हीच.

यावरून अठराव्या शतकातील माणसे अधिक सत्यनिष्ठ होती, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. मोहिमेवरील पत्र ज्यांच्या हाती पडे, त्यांना दारूगोळा, पैसा व माणसे धाडावयाची असत. त्यांच्यापासून हानी लपविणे म्हणजे आपल्याच छावणीचा घात करणे होते. उलट टोकियोतील सामान्य वाचकाच्या हाती वृत्त ऐकण्यापलीकडे काही उरले नव्हते. वृत्ताची सत्यता लेखकाच्या शीलाइतकीच वाचकाच्या अधिकारावर अवलंबून असते.

म्हणून रणवृत्ते अभ्यासताना घटनेच्या तारखेबरोबरच ती उघड झाल्याची तारीख, आणि ती कोणास सांगितली गेली हेही नोंदविणे अगत्याचे आहे. मागाहून जुळविलेल्या दिनक्रमात बुडालेले जहाज आपल्या खऱ्या तारखेस जाऊन बसते. पण मधले मौन त्या कोष्टकातून नाहीसे होते. ते मौन हाही युद्धाच्या इतिहासाचाच भाग होय.